पेट्रोलची जीप, डिझेलचं इंजिन आणि मधला क्लच

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी कुणी डॉक्टर झालं, कुणी बँकेत गेलं, दोघी-तिघी मुख्याध्यापिका झाल्या. सगळ्यांनी आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं ठरलं, तेव्हा संयोजकांना मी म्हटलं, माझं काम तेलकट आहे, मंचावर कसं आणू? ते म्हणाले, तेल पुसून आण. म्हणून आज मी एकाच कामाबद्दल बोलणार आहे. पेट्रोलच्या जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवताना क्लच आणि फ्लायव्हील कसं जुळवायचं, एवढाच विषय. विषय लहान आहे, पण त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. महिंद्रा कंपनी १९४५ साली सुरू झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस तिने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. आपल्या लहानपणी कोल्हापूर जिल्ह्यात ज्या जीपगाड्या धावत, त्यांतल्या बहुतेकांत हरिकेन नावाचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन असे. इंजिन दणकट, पण तहान मोठी. आमच्याकडे येणारे मालक लिटरला सात-आठ किलोमीटर सांगायचे. डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा खूपच स्वस्त होतं. ऐंशीच्या दशकात महिंद्राने कारखान्यातूनच प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन द्यायला सुरुवात केली, पण ज्यांच्या दारात जुनी पेट्रोल जीप उभी होती त्यांनी काय करायचं? ते उद्यमनगरात यायचे. कुणी प्यूजोचं इंजिन आणायचा, कुणी बजाज टेम्पोच्या गाडीतलं मर्सिडीज घराण्याचं २.४ लिटरचं. आणि म्हणायचे, "हे ह्यात बसवून द्या."

इंजिन चेसिसवर बसवणं अवघड नाही. माउंटिंग बनवता येतात, रेडिएटर सरकवता येतो. खरी अडचण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या वीतभर जागेत असते. तिथे फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि या सगळ्यावर टोपीसारखं बसणारं बेल हौसिंग असतं. एका बाजूचे भाग एका कारखान्याचे, दुसऱ्या बाजूचे दुसऱ्याचे. दोघांच्या ड्रॉइंग करणाऱ्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही.

एक गैरसमज आधी दूर करतो. लोक म्हणतात, डिझेलचा टॉर्क जास्त म्हणून मोठा क्लच लागतो. या इंजिनांच्या बाबतीत ते तसं नाही. कागदावरचा टॉर्क पाहिला तर हरिकेन साधारण १५५ न्यूटन मीटर देतं आणि ते २.४ लिटरचं डिझेल १३७ च्या आसपास. म्हणजे डिझेलचा कमीच. पण हा आकडा सरासरीचा असतो. हरिकेन इंजिन हवा सातपटीच्या आसपास दाबतं, तर हे डिझेल वीसपटीहून जास्त. दाबताना क्रँक अडखळतो, पेट घेताना उसळतो. चार सिलिंडरचं इंजिन ७५० फेऱ्यांवर नुसतं उभं असताना सेकंदाला असे २५ धक्के देतं. हे धक्के पचवायला फ्लायव्हील जड लागतं आणि क्लच प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगा असलेलं हब लागतं. म्हणून आमचा पहिला नियम असा की फ्लायव्हील डिझेल इंजिनाचंच ठेवायचं. ते त्या क्रँकसाठी घडवलेलं, त्याच्याबरोबर तोललेलं असतं. प्रेशर प्लेटही त्याच फ्लायव्हीलची.

क्लच प्लेट मात्र दोन्ही घरांची सून. तिचा बाहेरचा व्यास डिझेलच्या फ्लायव्हीलला जुळला पाहिजे आणि आतलं हब जीपच्या क्लच शाफ्टवर सरकलं पाहिजे. जीपच्या टी-९० गिअरबॉक्सच्या शाफ्टला १० स्प्लाइन असतात. दोन्ही मापं जुळणारी तयार प्लेट मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर एका प्लेटचं हब काढून दुसरीत रिव्हेटने बसवतात. पण दोन्हींच्या रिव्हेटची भोकं एकाच वर्तुळावर असतील आणि स्प्रिंगा डिझेलला पेलतील अशा असतील, तरच. हब वेल्ड करून चिकटवलेल्या प्लेटा मी पाहिल्या आहेत. त्या काही दिवस चालतात, मग एखाद्या चढावर हब गोल फिरतं आणि गाडी जागच्या जागी थांबते.

काही वेळा प्रेशर प्लेट दुसरी घ्यावी लागते आणि तिच्यासाठी फ्लायव्हीलला नवी भोकं पाडावी लागतात. इथे आपल्या गणिताच्या सरांची आठवण येते. सर, तुम्ही नववीत शिकवलं होतं की वर्तुळात काढलेल्या समान बाजूंच्या षटकोनाची बाजू त्रिज्येएवढी असते. तेव्हा मागच्या बाकांवरून कुणीतरी विचारलं होतं, याचा उपयोग काय? प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट सारख्या अंतरावर असले की शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर हीच त्या वर्तुळाची त्रिज्या. कंपासपेटीतला कर्कटक घेऊन वर्षभर काढलेली ती आकृती मी हजारदा लोखंडावर काढली आहे.

पण नुसते बोल्ट पुरत नाहीत. बोल्टचं काम दाबून धरणं, जागा ठरवणं नव्हे. बोल्टाच्या भोकात बोल्टापेक्षा थोडी मोकळीक असतेच. जागा ठरवतो तो डॉवेल, म्हणजे भोकात घट्ट बसणारी, घासून बिनचूक केलेली पिन. डॉवेल नसेल तर प्रेशर प्लेट थोडी एका बाजूला बसते आणि तोल जातो. तोल जाणं म्हणजे किती? हिशेब करू. मध्यापासून १४ सेंटिमीटरवर फक्त १० ग्रॅम वजन जास्त असेल, तर ४००० फेऱ्यांवर ते सुमारे २५ किलोच्या जोराने बाहेर ओढतं. १० ग्रॅम म्हणजे दोन चमचे साखर. ३० सेंटिमीटर व्यासाच्या फ्लायव्हीलची कड त्या वेगाला ताशी सव्वादोनशे किलोमीटरने पळत असते, आणि हे सगळं चालवणाऱ्याच्या पायांपासून फूटभरावर. म्हणून बिडाच्या फ्लायव्हीलला वेल्डिंग करून द्या असं कुणी म्हटलं की मी चहा पाजतो आणि परत पाठवतो. बीड वेल्डिंगच्या कडेला तडकतं. ते तडकलेलं दिसत नाही, सुटल्यावरच कळतं.

आता बेल हौसिंग. डिझेलच्या ब्लॉकची भोकं वेगळी, जीपच्या हौसिंगची वेगळी. मध्ये पोलादी प्लेट घालावी लागते. तिची जाडी मनाने ठरवायची नसते. क्लच शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या भोकातल्या पायलट बेअरिंगमध्ये टेकलेलं असतं. प्लेट जास्त जाड झाली तर टोक बेअरिंगपर्यंत पोचत नाही आणि शाफ्ट लोंबकळतो. फार पातळ झाली तर टोक क्रँकवर आदळतं आणि बोल्ट आवळताना क्रँकचे थ्रस्ट वॉशर चिरडतात. दोन्ही बाजूंची खोली मोजून, वजाबाकी करूनच जाडी काढायची. पायलट बेअरिंगही बहुधा नवं करावं लागतं, बाहेरून डिझेलच्या क्रँकचं माप, आतून जीपच्या शाफ्टचं.

स्टार्टर डिझेलचाच ठेवावा. वीसपट दाब फिरवायला पेट्रोलचा स्टार्टर पुरत नाही. रिंग गिअरही त्याच्याच जोडीचा हवा. रिंग बदलायची असेल तर ती सगळीकडून सारखी तापवून गार फ्लायव्हीलवर बसवतात. निवताना ती आवळते. मग रिलीज बेअरिंग. डिझेलच्या प्रेशर प्लेटची बोटं जीपच्यापेक्षा वेगळ्या उंचीवर असतात, त्यामुळे बेअरिंगचा धारक लेथवर नवा करावा लागतो. क्लच पेडलला वर साधारण इंचभर मोकळी चाल राहिली पाहिजे. ती नसेल तर बेअरिंग सतत घासत राहतं आणि क्लच पुरता पकडत नाही.

आणि शेवटी सगळ्यांत महत्त्वाचं, केंद्र. क्रँकचं केंद्र आणि गिअरबॉक्सचं केंद्र एका रेषेत हवं. ते तपासायला फ्लायव्हीलवर डायल गेज लावतो, त्याची सुई हौसिंगच्या मधल्या भोकाला टेकवतो आणि क्रँक हाताने पूर्ण एक फेरी फिरवतो. सुई एकूण पाच थाऊच्या, म्हणजे ०.१३ मिलिमीटरच्या आत हलली पाहिजे. सुई जेवढी हलते त्याच्या निम्मं केंद्र सरकलेलं असतं. म्हणजे सूट मिळते ती डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीएवढी.

या केसाएवढ्या सुटीने काय बिघडतं, ते आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या गाडीवरून सांगतो. तो इथे बसला आहे आणि त्याची परवानगी घेतली आहे. गगनबावड्याकडून करूळ घाटाने तो माणसं ने-आण करायचा. जीपमध्ये डिझेल इंजिन दुसरीकडून बसवून घेतलं होतं. काही महिन्यांनी तिसरा गिअर आपोआप सुटायला लागला. चढाला कधीच नाही. उताराला पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की खट्ट आवाज होऊन गाडी न्यूट्रल. उतारावर इंजिनाचा आधार सुटला की सगळा भार ब्रेकवर, आणि ड्रम ब्रेक तापले की धरत नाहीत. त्याने गिअरबॉक्स दोनदा खोलून घेतला, सिंक्रो बदलले, स्प्रिंगा बदलल्या. फरक नाही.

तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गिअर तेवढा बघ." मी म्हटलं, इंजिन मागे घेऊन मोजावं लागेल, चार दिवस लागतील. ते यात्रेचे दिवस होते. तो चिडला. "अरे, प्लेट बसलीय न्हवं? गाडी चालतीय न्हवं? मग इंजिन कशाला काढतोस?" मी म्हटलं, गिअरला हात लावून देतो म्हटलं तर तू आज जाशील, पण मी तसं करणार नाही. तो रागाने गेला. दोन दिवसांनी गाडी घेऊन परत आला. घरातून वहिनींनी पाठवलं होतं, हे मला नंतर कळलं.

मोजलं तर सुई ०.६२ मिलिमीटर हलत होती. मधल्या प्लेटला एकही डॉवेल नव्हता. बोल्टाच्या मोकळ्या भोकांत ती आपल्या वजनाने खाली बसली होती. क्लच शाफ्ट एका केंद्राभोवती फिरायचा आणि गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट दुसऱ्या. तिसऱ्या गिअरला हे दोन शाफ्ट थेट एकमेकांत अडकतात. प्रत्येक फेरीला ते थोडे वाकडे घासत आणि हळूहळू एकमेकांतून बाहेर सरकत. चढावर जोर एका दिशेने असल्यामुळे ते धरून राहत, उतारावर जोर उलटला की सुटत. गिअरबॉक्समध्ये दोष नव्हताच. तो शिक्षा भोगत होता दुसऱ्याच्या कामाची.

प्लेट सरकवून सुई तीन थाऊवर आणली, दोन डॉवेल बसवले, घासलेला शाफ्ट आणि पायलट बेअरिंग नवं घातलं. पुढे ती गाडी त्याच घाटात दहा वर्षं चालली.

एक गोष्ट नव्या लोकांसाठी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीत असा बदल मनाने करता येत नाही. आधी आरटीओची परवानगी, मग काम, मग आरसी बुकावर नोंद. नोंद नसलेल्या इंजिनाची गाडी अपघातात सापडली तर विम्याच्या दारातही मालक अडचणीत येतो. माझ्याकडे आता असं काम वर्षातून एखादंच येतं, तेही जुनी जीप हौसेने जपणाऱ्याचं. पण मोजण्याची शिस्त बदललेली नाही. पुढे जे काही येईल, विजेची मोटर असो की आणखी काही, दोन शाफ्ट जोडायचे म्हटलं की केंद्र जुळवावंच लागणार.

माझी एक विनंती शाळेला आहे. दहावीची मुलं वर्षातून एक दिवस माझ्या कारखान्यात पाठवा. व्हर्निअर आणि डायल गेज प्रत्येकाच्या हातात देईन, मोडलं तर माझं. षटकोनाचा उपयोग काय, हे त्यांना सांगावं लागणार नाही, ते स्वतः भोकं आखतील.

मागच्या टेबलावर एक कापलेलं बेल हौसिंग, फ्लायव्हील आणि क्लच प्लेट ठेवली आहे. जेवणाआधी बघितलं तर हात काळे होतील, म्हणून जेवून झाल्यावर या. सर, तुम्ही मात्र आधी या, तुमच्यासाठी वेगळं स्वच्छ फडकं आणलं आहे.