'हार्ड' आणि 'हार्डली'

चाकणच्या कारखान्यात मुलाखतीला बसलेला मुलगा आपण कष्टाळू आहोत हे सांगायला म्हणतो, "आय वर्क हार्डली." समोरच्याला ऐकू येतं, मी जेमतेम काम करतो! होतकरू पोराचं असं नुकसान होऊ नये. इथे 'हार्ड'च हवं. 'फास्ट'ही तसंच, 'फास्टली' असा शब्दच नाही.

शिफ्ट बदलताना वहीत लिहिलं जातं, "मशीन इज रनिंग स्मूथ." इथे मात्र 'स्मूथली', कारण मशीन कसं चालतंय ते सांगायचंय. ही गफलत होण्यात आपल्या मराठीच्या सवयीचाही वाटा आहे. आपण म्हणतो, तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते. खेळण्याबद्दलचा शब्दही कर्त्याप्रमाणे बदलतो, अगदी विशेषणासारखा. इंग्रजीत 'गुड प्लेअर', पण 'प्लेज वेल'. 'द टी स्मेल्स गुड' मात्र बरोबर, कारण तिथे वर्णन चहाचं आहे.