साखरेचा हिशेब आणि रेणूंची हकीगत

सिल्वासाच्या आसपास शेतीत मान भाताचा आणि नागलीचा. पण ऊसही तेथे पिकतो. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखर घटते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन शर्करांत विघटन होते. अशा विघटनाचा वेग गणितात प्रथम मांडला तो लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने, १८५० साली.

त्याची युक्ती साधी होती. उसाच्या साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळविते. आम्ल घालून विघटन झाले की तेच द्रावण ते डावीकडे वळविते. म्हणून द्रावणास हात न लावता, केवळ कोन वाचून, किती साखर उरली हे कळते. साखर कारखान्यांत ‘पोल’ काढतात तोही याच तत्त्वावर. विल्हेल्मीस आढळले की वेग त्या त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. शंभराचे पन्नास होण्यास एक तास लागला, तर पन्नासाचे पंचवीस होण्यासही एकच तास!

येथे एक गंमत आहे. विघटनात पाणी खर्ची पडते, तरी नियमात ते दिसत नाही. ते इतके विपुल असते की त्याची घट जाणवत नाही. उलट आम्ल खर्ची पडत नाही, तरी ते वाढविले की वेग वाढतो. तेव्हा केवळ समीकरण पाहून वेगाचा नियम सांगता येत नाही. एका घटकाचे प्रमाण दुप्पट करावे, बाकीचे स्थिर ठेवावे, आरंभीचा वेग मोजावा. वेग दुप्पट झाला तर घात एक. चौपट झाला तर दोन. ढळलाच नाही तर शून्य.

नियम हाती आला म्हणजे रेणूंची हकीगत कळली, असे मात्र नव्हे. हायड्रोजन व आयोडीन यांच्या संयोगाचा वेग बोडेनस्टाईन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोजला. तो दोहोंच्या प्रमाणांच्या गुणाकाराशी जुळला. दोन रेणू एकमेकांवर आदळतात आणि काम होते, असे पाठ्यपुस्तके कित्येक दशके शिकवीत राहिली. १९६७ मध्ये सलिव्हन यांनी प्रकाशाच्या साहाय्याने आयोडीनचे अणू निर्माण करून या कल्पनेस धक्का दिला. आयोडीनचा रेणू आधी दोन अणूंत फुटतो व मग ते अणू हायड्रोजनला भिडतात, असे मानले तरी नियम तोच निघतो! मोजमापे चुकली नव्हती. चुकला होता तो निष्कर्ष.

शेतावरच्या उसात तर साखर फोडणारे मुख्यतः उसातीलच इन्व्हर्टेज नावाचे एंझाइम आणि कापलेल्या टोकांतून शिरलेले जंतू असतात. विल्हेल्मीचा नळीतला आकडा तेथे चालत नाही. ऊन आणि तास नव्याने मोजावे लागतात.