खुळी कोण, शहाणी कोण?



हेरवाड हे आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं गाव. तिथल्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी ठराव केला : नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. महाराजांनी 1917 सालीच संस्थानात पुनर्विवाहाचा कायदा केला होता. तरी बांगड्या फुटतच राहिल्या.

का? आपल्याकडे ऐकणारी ती शहाणी, 'का' विचारणारी ती खुळी. मयतापाशी बसलेल्या बाईलाच सांगतात, 'धीर धर, वाद नको.' माझा प्रश्न असा, की त्या घडीला संयम कुणी ठेवायचा? तिच्या मनगटाकडे जाणाऱ्या हातांनी! ते हात बहुतेकदा बायकांचे असतात, हुकूम भावकीचा असतो.

ठराव म्हणजे कायदा नव्हे. तो पाळला जातो की नाही, हे त्या अंगणातच ठरतं. तेव्हा पुढच्या वेळी आपण दोघी-तिघी तिच्याशेजारी बसूया. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, पण उठायचंही नाही. 'राहू द्या तिच्या बांगड्या' एवढंच म्हणायचं. लोक खुळ्या म्हणतील. म्हणू देत.