आवडता गायक आणि आपला गळा

मी देवबागहून बोलतेय. बचत गटाचं काम करते म्हणजे आज पुन्हा हप्ते आणि परतफेड ऐकायला लागणार, असं तुम्हाला वाटलं असेल. आज विषय आहे गाण्याचा. पैसा मध्ये डोकावेल, पण थोडाच.

आपल्या सिंधुदुर्गाला गाण्याचं वेड नवीन नाही. डबलबारीला दोन बुवा समोरासमोर बसले की ऐकणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात. आपल्या बुवांसाठी रात्रभर जागायचं आणि सकाळी दुसऱ्या पक्षाशी भांडायचं, हे आपण घराघरात बघितलंय. दिवसभर मासळी निवडून, पर्यटकांची जेवणं करून पाठ मोडलेल्या बाईला रात्री एक आवाज सोबत करतो. घरात ‘जेवलंस काय गो’ विचारणारं कुणी नसलं, तर तो आवाजच आपलं माणूस वाटायला लागतो. ही आवड कुणी हिणवू नये.

पण आवड कधी मापाबाहेर जाते ते बघायला हवं. त्यासाठी जुनी गोष्ट सांगते, बालगंधर्वांची.

त्यांचं खरं नाव नारायण श्रीपाद राजहंस, जन्म 1888 चा. त्या काळी नाटकात बायकांची कामं बहुतेक पुरुषच करत. बालगंधर्व भामिनी, रुक्मिणी, सिंधू होऊन गायचे. त्यांचं लुगडं नेसणं, अंबाडा, नथ, गजरा बघून घरोघरच्या बायका तशाच नटू लागल्या. बाईने कसं नेसावं हे बायका एका पुरुषाकडून शिकत होत्या! एवढी त्या आवाजाची मोहिनी.

त्यांच्यासारखेच दुसरे मोठे गायक नट होते केशवराव भोसले. दोघांच्या कंपन्या वेगळ्या, चाहते वेगळे. आपला मोठा की तुमचा, यावर वाद चालायचे. आणि 8 जुलै 1921 ला मुंबईत काय झालं? टिळक स्वराज्य फंडासाठी दोघं एकाच नाटकात उभे राहिले, ‘मानापमान’मध्ये. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. चाहते भांडत होते आणि ते दोघं एकमेकांसमोर प्रेमाने गात होते. तीन महिन्यांत केशवराव वारले. तो एक प्रयोग मात्र लोक अजून आठवतात.

आता त्याच वेडाची दुसरी बाजू. विजापूरकडच्या गोहरबाई कर्नाटकी स्वतः गायिका होत्या. बालगंधर्वांची गायकी त्यांनी अशी उचलली की ‘बालगंधर्वांसारखं गाणारी’ हीच त्यांची ओळख झाली. 1938 च्या सुमारास त्या बालगंधर्वांच्या कंपनीत आल्या, पुढे त्यांच्या आयुष्यातही आल्या. चाहत्यांना ते सोसलं नाही. हिने आमच्या देवाला बिघडवलं, कंपनी बुडवली, असं त्यांना बोलले. खरं तर कंपनीवर कर्जाचा डोंगर कितीतरी आधीपासून होता. भारी शालू, अत्तरं, सगळा थाट खराखुरा, आणि त्यात बोलपट आले. तो थाट बघून टाळ्या वाजवणारे हेच चाहते होते. उतारवयात बालगंधर्वांचे पाय गेले, तेव्हा त्यांची सेवा केली ती गोहरबाईंनी. 1964 मध्ये त्या गेल्या, 1967 मध्ये बालगंधर्व.

गोहरबाईंची बहीण अमीरबाई. त्याच घरातला गळा. त्या सिनेमात गायल्या. 1943 च्या ‘किस्मत’मधली त्यांची गाणी देशभर गाजली. गोहरबाईंनी चुकीचं केलं असं मी म्हणणार नाही, ती त्यांची निवड. पण आज गोहरबाईंची आठवण निघते ती बालगंधर्वांच्या नावासोबत. अमीरबाईंची आठवण निघते ती त्यांच्या स्वतःच्या गाण्यासाठी.

हे सगळं सांगायचं कारण आमच्या एका गटातली ताई. नाव सांगत नाही. नवरा बोटीवर, मुलगा शहरात. एका तरुण गायकाचं गाणं तिला एवढं लागलं की मोबाईल उशाशी, स्टेटसला तोच, ‘माका त्याच्या गाण्याशिवाय झोप येणा नाय’ म्हणायची. त्याचं लग्न ठरल्याची बातमी आली तेव्हा ती दोन दिवस धड जेवली नाही. मग त्याच्या मुंबईतल्या कार्यक्रमासाठी तिने गटाकडे 5,000 रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. बायका हसल्या. अध्यक्ष काकींनी हसणं थांबवलं आणि एवढंच विचारलं, ‘फेडतलंस कसा?’ तिने हिशेब मांडला, गटाने कर्ज दिलं.

ती जाऊन आली. म्हणाली, तो करंगळीएवढा दिसला, बाकी सगळं पडद्यावरच बघितलं. गाणं मात्र छान झालं. तिचं वेड त्या दिवशी उतरलं असं नाही. पण पुढचे आठ महिने दर बैठकीला हप्ता भरताना तिला कळत होतं की ही रात्र नेमकी केवढ्याला पडली.

बदल झाला तो चतुर्थीत. फुगडीला गाणी सांगणारी म्हातारी आजी आजारी पडली. या ताईला आजीची सगळी गाणी तोंडपाठ होती, पण चारचौघींत ती कधी गायली नव्हती. बायकांनी तिला पुढे ढकललं. पहिल्या दिवशी आवाज कापत होता. विसर्जनापर्यंत पलीकडच्या वाडीतून बोलावणं आलं. आता रात्री मोबाईल वाजतो, पण मध्येच बंद करून ती स्वतः गुणगुणते. गायक अजून आवडतो. त्याच्या बायकोचा फोटो आला तर ‘बरी आसा’ म्हणते आणि कामाला लागते.

मैत्रिणींनो, कुणाला ओरडून असं वेड जात नाही. टिंगल केली तर ते लपून राहतं आणि वाढतं. त्यापेक्षा तीन साध्या गोष्टी करून बघा. गाण्यासाठीचा रिचार्ज, तिकीट, प्रवास हे मीठ-तेलाच्याच वहीत लिहा. खर्च बंद करा असं नाही, फक्त लिहा. दुसरं, गायकाचं लग्न, भांडण, आजारपण हे त्याच्या घरचं आहे. त्याने आपल्याला गाणं दिलं, त्याची किंमत आपण दिली, तिथे देणं-घेणं पुरं झालं. आणि तिसरं, आठवड्यातून एकदा गटाची बैठक संपली की मोबाईल बाजूला ठेवून एकीने गायचं, बाकीच्यांनी टाळ्या धरायच्या. बेसूर झालं तरी चालेल. कुणाच्या आजीची ओवी असेल, कुणाचं भजन, कुणाचं सिनेमातलं.

आमच्या गटात हे सुरू आहे. बैठकीला उशिरा येणाऱ्या बायका आता वेळेवर येतात, हा माझा वरचा फायदा. तुमच्या गटात कोण गाते ते शोधा, आणि पुढच्या बैठकीत तिला आधी गायला लावा, मग वही उघडा.