थंड होताना अडकलेलं चुंबकत्व


आज ऐकू या विज्ञानातली एक नवलाई.

काही पदार्थ अतिशय थंड केले,
की त्यांतून वीज विनाअडथळा वाहते.
हे अतिवाहक.

अशा पदार्थाचं एक कडं घ्या.
झटपट थंड करा.
जवळ चुंबक नसला,
तरी कधीकधी कड्यात चुंबकत्व अडकतं!

(विराम)

असं का?
घाईत एका भागाची खबर दुसऱ्याला पोचत नाही.
शिमग्यात लांबलांबच्या ढोलांनी आपापला ताल धरावा, तसं होतं.
कड्याच्या भागांचाही ताल पुरता जुळत नाही.
मग कड्यात वीज फिरत राहते.
तिचंच हे चुंबकत्व.

(विराम)

मूळ कल्पना भौतिकशास्त्रज्ञ टॉम किबल यांची.
त्यांचा जन्म चेन्नईचा.
१९७६ साली त्यांनी ती थंड होत जाणाऱ्या बाल्यावस्थेतल्या विश्वासाठी मांडली.
१९८५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ झुरेक यांनी तिला प्रयोगशाळेची वाट दाखवली.
पुढे अतिवाहक कड्यांवरही प्रयोग झाले.

तर श्रोतेहो, लक्षात ठेवा:
जितकी थंड होण्याची घाई,
तितकी चुंबकत्व अडकण्याची शक्यता अधिक.