‘कुंकू’ पुनः पाहतांना

एखादें चित्र आवडलें असें म्हणणें सोपें आहे. तें कां आवडलें हें सांगणें कठीण. नटाचा चेहरा, गाण्याची चाल, तें पाहिलें त्या दिवसाची आठवण, या सर्वांची भेसळ आवडींत झालेली असते. म्हणून आवडतें चित्र कांहीं वर्षांनीं पुनः पाहावें, म्हणजे गाळ खालीं बसून निखळ काय उरतें तें कळतें. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘कुंकू’ या १९३७ सालच्या बोलपटास ही कसोटी अवश्य लावावी.

कथानक नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेलें, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचें. नीरा नांवाची तरुणी फसवणुकीनें एका वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यांत बांधली जाते. विषय मराठी प्रेक्षकास नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांची ‘शारदा’ १८९९ सालींच रंगभूमीवर आली होती. परंतु शारदेचें लग्न अखेर मोडतें, नीरेचें लागतें. नाटक जेथें थांबतें तेथून बोलपट पुढें चालूं लागतो, आणि लग्न लागल्यावर काय, हा अधिक अवघड प्रश्न विचारतो.

नीरा नशिबाला बोल लावीत बसत नाहीं. हें लग्नच आपणांस मान्य नाहीं, असें ती नवऱ्याच्या घरांत उभी राहून सांगते. शांता आपटे यांच्या मुद्रेवरील ती धार आजही बोथट झालेली नाहीं. केशवराव दाते यांचे काकासाहेब हे तर त्याहून मोठें यश होय. आरशासमोर बसून मिशांना कलप लावणारा हा म्हातारा प्रथम हास्यास्पद वाटतो, मग त्याचा राग येतो, आणि शेवटीं त्याची कींव येते. खलपुरुष रंगविणें सोपें होतें. दात्यांनीं माणूस रंगविला.

या बोलपटास पार्श्वसंगीत नाहीं. घड्याळाचे ठोके आणि घरांतील नित्याचे आवाज एवढ्यावरच काम भागविलें आहे. नीरा गाते तीही ग्रामोफोनच्या तबकडीच्या साथीवर. आजच्या दूरचित्रवाणी मालिकांत सुनेनें मान खालीं घातली कीं वाद्यमेळ गर्जूं लागतो, आणि कोठें रडावयाचें तें प्रेक्षकास शिकविलें जातें. ‘कुंकू’ प्रेक्षकास तेवढा अजाण समजत नाहीं.

आतां शेवट. काकासाहेबांस पश्चात्ताप होतो, ते नीरेस पुनर्विवाहाचा सल्ला लिहून ठेवतात आणि आत्महत्या करतात. हा शेवट पुष्कळांस खटकतो. आज घरच्या बैठकींत हा बोलपट पाहतांना एखादी नात आजीला सहज विचारील, ‘‘ती सरळ निघून कां गेली नाहीं?’’

याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत आहे. १९२९ सालच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानें वधूचें किमान वय १४ ठरविलें. वराच्या वयास वरची मर्यादा घातली नाहीं. विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक १८५६ पासून होती. परंतु पति जिवंत असतां लग्न मोडण्याचा हक्क नीरेसारख्या स्त्रीस मुंबई इलाख्यांत नव्हता. तो १९४७ सालच्या प्रांतिक कायद्यानें आला, आणि देशभर १९५५ सालीं. म्हणजे १९३७ सालीं नीरेच्या सुटकेची वाट एका मृत्यूवरूनच जात होती. लेखकानें ती सोपी म्हणून निवडली असें वाटतें. वस्तुतः दुसरी नव्हतीच.

तरीही एक उणीव राहते. सबंध चित्रभर जी आपल्या बळावर लढली, तिची सुटका शेवटीं नवऱ्याच्या हातून व्हावी, हें मनास पटत नाहीं. शांतारामांच्याच ‘माणूस’मधील मैना १९३९ सालीं आपला निर्णय स्वतः घेते व त्याची शिक्षाही स्वतः भोगते. त्या दृष्टीनें ‘माणूस’चा शेवट अधिक प्रामाणिक होय.

पण उणीव दिसली म्हणून आवड कमी व्हावी असें नाहीं. ज्या चित्राशीं वाद घालावासा वाटतो तें अद्याप जिवंत आहे असें समजावें. नातीच्या प्रश्नास आजीनें ‘‘तेव्हां तसेंच होतें’’ एवढेंच उत्तर देऊं नये. तसें कां होतें आणि तें कोणी बदललें, हेंही सांगावें. तेवढें संभाषण घरांत घडलें, तर चित्र पाहण्यांत गेलेली संध्याकाळ सार्थकीं लागली म्हणावयास हरकत नाहीं.