पाळण्याची दोरी



बाळाच्या झोपेसारखा घरगुती विषय व्याख्यानमालेत कशाला, असे कोणाच्या मनात येईल. पण ज्या घरात वर्षाचे मूल रात्रीतून पाच वेळा उठते, त्या घराला विचारावे! आमच्या थोरल्याच्या वेळी आम्ही उभयतांनी पाळण्याच्या दोरीशी पाळीपाळीने रात्री काढल्या. दोरी थांबली की रडे सुरू. एके पहाटे आम्ही त्या अजाण जिवावर असे खेकसलो, की त्याच्याबरोबर त्याची आईही रडू लागली. त्याची लाज आजही वाटते.

चूक मुलाची नव्हती. तान्ह्याची झोप अखंड नसतेच. पाऊण-एक तासाचे आवर्तन संपले, की ते अर्धवट जागे होते. मोठी माणसेही अशी जागतात; पण कूस बदलून पुन्हा झोपतात. झोके घेत निजलेले मूल जाग आल्यावर झोकेच मागते. हा हट्ट नव्हे, सवय होय. आणि ती आम्हीच लावलेली.

मग करावे काय? पहिले चार-सहा महिने काहीच शिकवू नये. भूक लागली की दूध, रडले की कुशीत, एवढेच तेव्हाचे शास्त्र. पुढे रोजचा क्रम ठरवावा: अंग पुसणे, दूध, मंद दिवा, एखादी अंगाई; आणि मूल पेंगुळलेले पण जागे असतानाच अंथरुणावर ठेवावे. कुरकुरले तर जवळ बसून थोपटावे. मग दिवसेंदिवस थोपटणे कमी करीत जावे. आजारपणात मात्र हे सारे बाजूला ठेवावे.

अमेरिकेतील डॉक्टर रिचर्ड फर्बर यांनी १९८५ साली निराळी रीत सांगितली. मूल रडले तर ठराविक वेळाने जाऊन धीर द्यावा, व ते अंतर हळूहळू वाढवावे. अशा उपायांनी मुलाच्या मनावर घाव पडतो काय? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पाच वर्षांनंतर मुले तपासली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत कायमचा अपाय आढळला नाही, तसा कायमचा लाभही आढळला नाही. तेव्हा ही रीत ज्यांना पत्करत नाही, त्यांनी स्वतःस अपराधी मानू नये. ज्यांनी पत्करली, त्यांनीही नाही.

आजी म्हणते, "लेकराला एकटे निजवायचे, हे कुठले शहाणपण?" तिचेही खरे आहे. स्वतःहून झोपणे म्हणजे वेगळ्या खोलीत झोपणे नव्हे. निदान सहा महिने मूल आईबापांच्याच खोलीत, पण स्वतंत्र, सपाट, टणक अंथरुणावर उताणे असावे. उशा-गोधड्या जवळ नसाव्यात, असे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली सांगितले. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही हे जमते.

धाकटीच्या वेळी आम्ही दोरी सोडली, हात तेवढा ठेवला. पंधरा दिवस कठीण गेले. मग एके रात्री ती जागी झाली, अंधारात स्वतःशीच काही बोलली, आणि आम्ही उठण्याच्या आत निजली.

बंधूंनो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की जागरण हे एकट्या आईचे काम नव्हे. आज घरी गेल्यावर एक पाळी आपण घ्यावी.